पहिल्या धारेचं पाणी

कागदावर एक्केचाळीस होतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या चष्मेवाल्याने तो कागद माझ्या टेबलावर ठेवला, नेहमीसारखं काहीतरी खोचक बोलायला तोंड उघडलं आणि न बोलताच निघून गेला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी आधी बाटलीचा नंबर पाहिला. मग तारीख, वेळ, जागा. सगळं माझ्याच अक्षरात, आणि माझ्या अक्षराला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. एकवीस वर्षं मी नळाचं पाणी बाटल्यांत भरतेय. पाळणाघरं, बालवाड्या, लहान मुलं जिथे जिथे पाणी पितात त्या सगळ्या जागा माझ्याकडे. इथे मला बाटलीबाई म्हणतात, तेही तोंडावर, आणि मला त्याचं काही वाटत नाही. उलट कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर मीच वळून बघत नाही. एक्केचाळीस म्हणजे पाण्याच्या अब्ज भागांत शिशाचे एक्केचाळीस भाग. ऐकायला काहीच नाही. नियमात दहापर्यंत चालतं असं लिहिलंय. माझं विचाराल तर लहान पोराच्या पोटात एकसुद्धा जाऊ नये. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मूल पितं, आणखी मागतं, आणि ते गुपचूप हाडांत जाऊन बसतं, डोक्यात जाऊन बसतं. जागा होती दोन चौक सोडून असलेलं पाळणाघर, मुलांच्या खोलीतला बुटका नळ, माझ्या गुडघ्याएवढा. आणि खाली जुन्या नोंदीच्या रकान्यात, तीन वर्षांपूर्वीचा याच नळाचा आकडा: दोन. त्याच्यापुढे माझी सही.

बाटली भरणं हे काम लोकांना फार सोपं वाटतं. नळ सोडा, बाटली लावा, झाकण घट्ट करा, त्यात काय मोठंसं? माझ्या वहिनीने तर एकदा विचारलंही होतं, "ताई, यासाठी पगार देतात होय तुम्हाला?" देतात बाई, आणि का देतात तेही सांगते. नळ रात्रभर बंद राहायला हवा. निदान आठ तास कुणी त्याला हात लावायचा नाही. पाणी पाइपात, नळाच्या पितळेत, जोडांत तसंच उभं राहतं, आणि उभं राहून राहून तिथलं जे काही असेल ते अंगात मुरवून घेतं. मग सकाळी कुणी यायच्या आत आपण जायचं आणि पहिली धार, अगदी पहिली, थेंब न सांडता पाव लिटरच्या बाटलीत घ्यायची. नंतर दोन मिनिटं पाणी वाहू दिलं की रात्रीचं सगळं निघून जातं आणि मागून येतं ते रस्त्यातल्या मोठ्या पाइपातलं ताजं पाणी. तेही तपासा, छान येईल, पण ते पाणी मुलं पीत नाहीत. मुलं सकाळी आल्या आल्या पितात. चष्मेवाला रोज सकाळी मला विचारतो, "काय बाटलीबाई, आणलं का पहिल्या धारेचं?" आणि मी म्हणते, "आणलंय, पण तुला नाही मिळायचं." इतक्या वर्षांत या विनोदाला कंटाळलो नाही आम्ही. गंमत म्हणजे मी वाढले ती नेमकी उलट शिस्तीत. आई पाण्याच्या बाबतीत महा कडक. नळ सोडला की पहिलं पाणी जाऊ द्यायचं, मग भांडं विसळायचं, मग पुन्हा थोडं जाऊ द्यायचं आणि मगच भरायचं. कुणी घाईने पेला नळाखाली धरला तर हातावर फटका. धाकट्याला, म्हणजे माझ्या भावाला, आणि मला त्या वाहत्या पाण्यासमोर उभं राहून वीसपर्यंत आकडे म्हणावे लागायचे, आणि धाकटा कायम अकरानंतर सोळावर उडी मारायचा. स्वच्छ बायकांची ही सवय जगात सगळीकडे असावी. पाहुण्याला द्यायचं पाणी असलं तर असतेच असते.

साहेबांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि नेहमीच्या शांतपणाने गणित मांडलं. साहेब वाईट माणूस नाही. टापटीप माणूस आहे, प्रत्येक गोष्टीला कप्पा लागतो. ते म्हणाले, "बुटक्या बेसिनचा नळ सुट्टीत बदललाय, दोन महिने झाले. नवा नळ स्वस्तातला निघाला असणार. मागचा रिपोर्ट दोन आहे, म्हणजे पाइप चांगला. तेव्हा दोन महिन्यांपासून जी मुलं येतायत तेवढ्यांच्या आईवडलांना बोलावू, रक्त तपासून घ्यायला सांगू. सव्वीस मुलं. तुमचं काय मत?" माझं मत ते नेहमी विचारतात, कारण माझं मत नेहमी बरोबर असतं. मी म्हणाले, "बघते." सव्वीस. त्या सव्वीसांत आधीची मुलं नव्हती. जी तीन वर्षं त्या नळाचं पाणी प्यायली आणि मोठ्या शाळेत गेली ती एकही नव्हती. त्यांना कुणी बोलावणार नव्हतं, कारण त्यांच्या वर्षांवर माझा दोन होता. आणि तो दोन खोटा आहे हे साऱ्या जगात एका माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस साहेबांसमोर बसून टाचणीने टेबलावरचा डाग खरवडत होतं. तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी बेसिन ओलं होतं.

ओलं म्हणजे असं तसं नव्हे. मी दारातून आत गेले तेव्हा रबरी चटयांचा आणि आंबूस दुधाचा तो पाळणाघरांचा वास आला, भिंतीवर मुलांच्या हातांचे रंगीत ठसे, खुंट्यांवर एवढ्याएवढ्या पिशव्या, आणि कोपऱ्यात बुटकं बेसिन. बेसिनच्या पांढऱ्या तळाशी पाण्याचं एक वेटोळं अजून जाळीकडे सरकत होतं. काठावर पिवळा मग पालथा घातलेला, त्याच्याखाली थेंबांची रांग. मावशी, म्हणजे तिथली साफसफाई करणारी, सगळ्यांच्या आधी येऊन कुलूप उघडणारी, पदराला हात पुसत पुढे आली आणि कौतुकाने म्हणाली, "या मॅडम. तुम्ही येणार म्हणून नळ चांगला पाच मिनिटं सोडून ठेवला होता. आता बघा कसं काचेसारखं येतंय." तिच्या चेहऱ्यावर माझ्या आईचा चेहरा होता. पाहुण्याला शिळं पाणी द्यायचं नाही. मी तिथेच बाटली पिशवीत टाकायला हवी होती आणि म्हणायला हवं होतं, मावशी, उद्या येते, उद्या हात लावू नका. शंभरदा म्हटलंय मी असं इतर ठिकाणी. पण त्या दिवशी बुधवार होता, पाण्याचा रिपोर्ट शुक्रवारपर्यंत आला तरच पाळणाघर नवीन मुलं घेणार होतं, आणि नवीन मुलांच्या यादीत शेवटचं नाव माझ्या भाचीचं होतं. दीड वर्षाची होती. धाकट्याचा आदल्या दिवशी फोन आला होता, "ताई, हिची नोकरी सोमवारी सुरू होतेय. तू सांगितलंस तर तिथेच घालतो. तुझ्यावर आहे सगळं." तुझ्यावर आहे म्हटलं की माझी छाती फुगते, हा माझा जुना रोग आहे. मी बाटली भरली. काचेसारखं पाणी आलं. फॉर्मवर 'पहिलं पाणी' या चौकटीत बरोबरची खूण केली, माझी खूण, ठळक. शुक्रवारी दोन आला, सोमवारी भाची पाळणाघरात गेली, आणि मी धाकट्याला फोनवर म्हणाले, "निर्धास्त राहा. पाणी मी स्वतः पाहिलंय."

एक्केचाळीसचा कागद आला त्याच संध्याकाळी मी धाकट्याच्या घरी गेले. काही कारण नव्हतं, म्हणून फळं घेऊन गेले. दार उघडलं ते भाचीने, आणि उघडल्या उघडल्या माझ्याभोवती तीन फेऱ्या मारून ती आत पळाली. आम्ही तिला भिंगरी म्हणतो. नाव मीच ठेवलं. दोन वर्षांची असताना ती जेवता जेवता उठून गोल फिरायची, पुन्हा घास घ्यायची, पुन्हा फिरायची, आणि मी हसून हसून बेजार व्हायचे. वहिनी फळं कापत सांगत होती, "अहो ताई, शाळेतून चिठ्ठी आलीय. एका जागी पाच मिनिटं बसत नाही म्हणतात. अर्धं वाक्य ऐकते की चालली." धाकटा वर्तमानपत्राआडून म्हणाला, "आपल्या घरात कोण बसलंय एका जागी? आत्यावर गेलीय." आणि सगळे हसले, मीही हसले, हसताना माझा जबडा दुखला. भिंगरी खुर्चीवर चढली, उतरली, खिडकीकडे गेली, तिथून माझ्याकडे आली, माझ्या पिशवीतली रिकामी बाटली काढून झाकण उघड-बंद करू लागली. गेली चार वर्षं मी हिच्याकडे बघतेय आणि मला एक गोड, वात्रट, हुशार पोरगी दिसतेय. आज मी तिच्याकडे यंत्राने बघावं तशी बघत होते. हा चुळबुळेपणा किती? ही अर्धी वाक्यं किती? अब्जात किती? कदाचित काही नसेल. कदाचित ती खरंच आत्यावर गेली असेल, मीही लहानपणी शाळेच्या बाकावर टिकत नसे, आई म्हणायची हिच्या पायांत काय भरलंय. कळायचा मार्ग एकच होता, दंडातून एवढंसं रक्त काढायचं, आणि ते काढायला कुणी बोलवायला हवं होतं, आणि बोलावणं माझ्या एका वाक्यावर अडलं होतं. "ताई, चहा गार होतोय," धाकटा म्हणाला. भिंगरीने बाटली माझ्या हातात परत दिली. झाकण तिने अगदी घट्ट लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं. म्हणजे सांगितलं असं मी स्वतःला सांगितलं. मी म्हणाले, "साहेब, तो तीन वर्षांपूर्वीचा नमुना मला शंकास्पद वाटतो. नियमाप्रमाणे घेतला गेला नसावा. आधीच्या मुलांनाही बोलवावं." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कप्पा मिळाला होता, 'शंकास्पद'. पुढचं त्यांनी विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही. दुपारपर्यंत पाळणाघराला पत्र गेलं: मागील तपासणीच्या वेळी नळ रात्रभर बंद ठेवण्याची दक्षता घेतली गेली नसावी, तरी गेल्या तीन वर्षांतील सर्व मुलांच्या पालकांना शनिवारी सकाळी बोलवावे. यादी सव्वीसवरून त्रेसष्टवर गेली. भिंगरीचं नाव एकोणपन्नासावं. मला इतकं हलकं वाटलं की मी चष्मेवाल्याला स्वतःहून चहा पाजला. काम झालं होतं. मुलं यादीत आली होती. आता कुणी कुठे काय केलं याची चिरफाड करून कुणाच्या रक्तातलं शिसं कमी होणार होतं? असं मी चहा पिता पिता स्वतःला पटवलं, आणि मी कुणालाही काहीही पटवू शकते.

शुक्रवारी पहाटे खात्रीसाठी पुन्हा नमुना घ्यायला गेले. उजाडत होतं. मावशी दारातच उभी होती. तिने बुटक्या बेसिनपुढे तीन लाकडी खुर्च्या आडव्या लावल्या होत्या, नळाला कोरडा पंचा गुंडाळला होता, आणि वर पुठ्ठ्यावर खडूने फुली मारली होती. ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. "हात नाही लावला मॅडम," ती म्हणाली, "काल संध्याकाळी सहापासून मीच इथे बसले होते, शेवटचं मूल जाईपर्यंत. बघा, कोरडं ठणठणीत." मी बेसिनमध्ये तळवा फिरवला. कोरडं होतं. पहिली धार बाटलीत घेतली, ती भरतानाचा आवाज वर वर चढत गेला. झाकण लावलं, नंबर घातला, वेळ घातली. हे सगळं होईपर्यंत मावशी माझ्या मागे श्वास रोखून उभी होती. मग हळूच म्हणाली, "बाईंनी ते पत्र वाचून दाखवलं मला. विचारत होत्या, त्या वेळी नळ तू सोडला होतास का म्हणून. मी म्हटलं हो. मॅडम, खरं सांगा, माझ्यामुळे झालं का हे?" बाई म्हणजे पाळणाघराच्या मालकीण, भल्या आहेत, पण घाबरल्या की आधी हाताखालच्या माणसाकडे बघतात. मला उत्तर माहीत होतं. उत्तर दोन शब्दांचं होतं, माझ्यामुळे झालं. मी झाकण पुन्हा एकदा आवळलं, उगाचच, आणि म्हणाले, "उद्या बघू." मावशीने मान हलवली आणि खुर्च्या एकेक करून जागेवर ठेवू लागली.

शनिवारी मुलांच्या खोलीत त्रेसष्ट मुलांचे आईवडील एवढ्याएवढ्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसले होते. एरवी मला हसू आवरलं नसतं. धाकटा शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होता, वहिनीला सुट्टी नव्हती. मला बघून त्याने हात केला, आपली ताई आहे म्हणजे काळजी नाही, असा. साहेबांनी समजावून सांगितलं: दुसरा नमुना अडतीस आलाय, नळाला कुलूप घातलंय, जुना पाइपही काढतोय, मुलांचं रक्त तपासायचं, बहुतेकांचं ठीकच येईल, ज्यांचं वाढलेलं असेल त्यांना डॉक्टर बघतील. छान सांगितलं, कप्प्याकप्प्याने. मग पुढच्या रांगेतला एक बाप उठला, खांदे भरदार, आवाज कापत होता. "तीन वर्षांपूर्वी तपासलं होतं ना? सगळं ठीक आहे असा कागद लावला होता इथे दारावर. मी वाचून माझं पोर आत सोडलं होतं. ते कुणी तपासलं? कुणाची चूक?" खोलीत कुजबुज झाली. बाईंनी ओठ ओले केले आणि त्यांची नजर हळूहळू दाराकडे गेली, जिथे मावशी पाण्याच्या विकतच्या बाटल्या घेऊन उभी होती. मावशीने बाटल्या खाली ठेवल्या. "माझी चूक झाली," ती म्हणाली. "नमुना घ्यायच्या आधी मी नळ सोडून ठेवला होता. मला माहीत नव्हतं. पोरांची शप्पथ, मला माहीत नव्हतं." सगळी डोकी तिच्याकडे वळली. भरदार खांद्यांचा बाप एक पाऊल पुढे गेला. आणि मी काय केलं? मी ते सगळं बघत राहिले, किती वेळ कुणास ठाऊक. लहानपणी नळासमोर आकडे म्हणायचो तितका असेल. आणि मग माझा मलाच इतका राग आला की बसवेना.

"तिला माहीत नव्हतं," मी उठून म्हणाले, "मला होतं." आवाज माझा नेहमीचाच निघाला, खणखणीत, त्याचं मलाच आश्चर्य वाटलं. "ते पाणी मी भरलं. मी आले तेव्हा बेसिन ओलं होतं, मी पाहिलं. मावशींनी मला सांगितलंसुद्धा, नळ सोडून ठेवलाय म्हणून. मी परत जायला हवं होतं. गेले नाही, आणि फॉर्मवर 'पहिलं पाणी' असं लिहून खूण केली. कारण शुक्रवारपर्यंत रिपोर्ट आला तर माझ्या भाचीला इथे जागा मिळणार होती. ती मुलगी या यादीत एकोणपन्नासावी आहे. मावशींकडे बघू नका. इकडे बघा." मग सगळ्यांनी इकडे पाहिलं. लोक ओरडले, ओरडणारच. एक आई रडली, कुणीतरी म्हणालं असल्या माणसांना हाकलून द्या, आणि मी म्हणाले ते साहेब ठरवतील, आधी मुलांच्या वेळा लिहून घ्या. मी कागद काढला आणि एकेकाला वेळ देऊ लागले, सोमवारी नऊ, सव्वानऊ, साडेनऊ. ते रागाने नाव सांगायचे आणि मी लिहायचे. साहेब बाजूला बसून रिकाम्या कागदावर रेघा मारत होते. मावशी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने माझ्या हातातलं संपलेलं पेन काढून घेऊन दुसरं दिलं. नावं लिहून संपली तेव्हा मी वर पाहिलं. शेवटच्या रांगेत भिंत होती, धाकटा नव्हता.

सोमवारी तो आला. पावणेअकराची वेळ मीच लिहिली होती, त्याला न विचारता. भिंगरीला कडेवर घेऊन आला, एवढी मोठी झालीय तरी. दवाखान्याच्या बाकावर आमच्यामध्ये एका माणसाची जागा सोडून बसला. मला साहेबांनी त्या सकाळीच तोंडी सांगितलं होतं, चौकशी होईपर्यंत बाटल्यांना हात लावायचा नाही. तेव्हा मी तिथे कामासाठी नव्हते, आत्या म्हणून होते, तीही न बोलावलेली. नर्सने भिंगरीचा दंड बांधला. भिंगरी चुळबुळली, बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आत्या, ही पण बाटलीच आहे?" "हो," मी म्हणाले, "छोटी." "मग तू धर." मी उठले. धाकट्याने मान वळवली नाही, पण गुडघे बाजूला घेऊन मला वाट दिली. सुई गेली तेव्हा ती रडली नाही, नळीतून रक्त येताना टक लावून बघत राहिली, एका जागी, हलली नाही. मी तिचा हात धरला होता, आणि सवयीने नळीवरची चिठ्ठी वाचली: नाव, तारीख, वेळ. वेळ लिहायची राहिली होती. मी नर्सला सांगितलं, तिने लिहिली. कापसाचा बोळा दाबून धरत आम्ही बाहेर आलो आणि दाराशी धाकटा थांबला. दोन दिवसांत त्याचे डोळे आत गेले होते. "हे रक्त तुमच्या चष्मेवाल्याच्या यंत्रावरच तपासणार ना?" त्याने विचारलं. मी हो म्हणाले. "आकडा आला की तो तुला आधी कळेल. तू मला लगेच सांगायचंस. गोड करून नाही. निर्धास्त राहा वगैरे नाही." त्याने भिंगरीच्या दंडावरचा कापूस नीट दाबला. "जो असेल तो."

"जो असेल तो," मी म्हणाले.